सतरा काचा

माझ्या आजाराचं निदान झालं, त्या दिवशी साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

विसरवाडीच्या फाट्यावर आमच्या खोलीसमोर जीप थांबली आणि मलेरिया खात्याचे निरीक्षक हातात कागद घेऊन उतरले. एरवी हा माणूस माझ्याशी बोलायला लागला की आधी शिवी यायची, मग माझं नाव. त्या दिवशी नाव आधी आलं. "आंबापाड्याच्या रक्ताच्या सतरा काचा पाठवल्या होत्यास ना? सतराच्या सतरा निघाल्या. प्रत्येक काचेत मलेरिया! अख्ख्या तालुक्यात एवढे रुग्ण कोणी धरले नाहीत. शाबास!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी पुढे झुकलो.

मी दाराची चौकट धरली. त्या सतरा काचांवर आंबापाड्यातल्या एकाही माणसाचं रक्त नव्हतं. सगळं रक्त माझं होतं.

मला मलेरिया झालाय हे मला असं कळलं. दुसराही एक आजार मला होता, आणि तो त्याआधी वर्षभर माझ्या अंगात मुरत होता. हल्ली शहरातली माणसं त्याला एक इंग्रजी नाव देतात. आमच्याकडे तेव्हा नुसतं म्हणत, "थकी गया." मी थकलो नव्हतो. थकलेला माणूस झोपतो. मी माणसं मारायला लागलो होतो.

हे मी डॉक्टरांसाठी लिहीत नाही. त्यांच्याकडे लोक आपल्या पायाने येतात. जे पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या दारात जातात आणि दारातून हाकलले जातात, त्यांच्यातल्या कोणाच्या हाती हे पडावं एवढंच वाटतं.

ताप कोणाला?

एकोणीसशे चौसष्टच्या आसपासची गोष्ट. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे धुळ्याचे. नवापूरच्या डोंगरातले पाडे माझ्याकडे होते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "ताप कोणाला?" कोणी हो म्हटलं की त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या. मग दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून सही करायची. सही म्हणजे हा माणूस इथे येऊन ताप विचारून गेला. साहेब मागाहून येऊन भिंती वाचायचे.

सांगायला सोपं. पहिल्याच वर्षी मी तीनदा मार खाल्ला.

भिंतींवर औषध फवारणारी टोळी वेगळी होती. ती यायची, घरातलं धान्य अंगणात काढायला लावायची, भिंती पांढऱ्या करून निघून जायची. मग घरातली मांजरं मरायची, उंदीर माजायचे, ढेकूण दुप्पट व्हायचे. लोकांचा राग शिजून तयार व्हायचा तेवढ्यात खाकी पिशवी घेऊन मी हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी! एकाने काचांची पेटी हिसकावून माझ्याच डोक्यावर फोडली. इंदूने, माझ्या बायकोने, रॉकेलच्या दिव्याजवळ बसवून केसांतले तुकडे चिमट्याने काढले. दुसऱ्या एका पाड्यात हा रक्त नेऊन विकतो म्हणून मला सागाच्या खोडाला बांधून ठेवलं होतं. तहान लागली म्हटलं तर एकाने माझ्या तोंडावर पाणी फेकलं. ते मी जिभेने चाटून प्यालो.

खालून हा प्रकार, तर वरून साहेब. "काचा कमी का?" मी म्हणायचो, लोकांना ताप नाही. "ताप नाही म्हणजे तू गेलाच नाहीस." ज्या महिन्यात लोक बरे असत, त्या महिन्यात मी चोर ठरायचो. मुलगी झाली तेव्हा चार दिवसांची रजा मागितली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "डास रजा घेतो का रे?" बाकीचे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

चौदा नंबरचं घर

आजार सुरू झाला तो कळला नाही. एवढंच झालं की मला माणसांची नावं आठवेनाशी झाली. घरं आठवायची, तीही आकड्यांनी. नऊ नंबर म्हणजे कुत्रं सोडणारे. अकरा म्हणजे दार न उघडणारे. आधी मी पोराचं बोट हळूच हातात घ्यायचो, फुंकर घालायचो. मग मनगट आवळायला लागलो. मग हात गुडघ्याखाली दाबून टोचायला लागलो. वेळ वाचतो, असं स्वतःला सांगायचो.

आंबापाड्यातलं चौदा नंबरचं घर रुपजीचं. तो मजुरीला व्यारा बाजूला गेला होता. घरात त्याची बायको रतनी, एक मुलगी आणि अंगणात दोर वळत बसलेला म्हातारा सासरा. मी दारात आलो तसं रतनीने मुलीला धान्याच्या कणगीत उतरवलं आणि वर सूप झाकलं. मुलीला ताप होता, ती आत कण्हत होती.

मी सूप भिरकावलं. पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं. पहिल्या बोटातून रक्त निघालं नाही. भीतीने हात गार पडले की निघत नाही, हे मला ठाऊक होतं. हात चोळून गरम करावा लागतो. मी दुसरं बोट टोचलं, मग तिसरं. पाचही बोटं झाली. पोरीचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडं. तेव्हा रतनीने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला.

मी तिला थोबाडीत मारली. ती भिंतीवर आदळून खाली बसली. आणि खाली बसलेलीला मी दुसरी मारली.

पहिलीला निदान चाव्याचं निमित्त होतं. दुसरी कशासाठी मारली, ते मला आजही सांगता येत नाही. म्हाताऱ्याने मान वर केली नाही, तो दोर वळत राहिला. मी काच भरली, गोळ्या कुस्करून पोरीच्या तोंडात कोंबल्या, भिंतीवर तारीख घातली. सही नेहमीपेक्षा सुरेख आली. डोंगर उतरताना मला हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना.

त्या आठवड्यात घरी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं. मुलगी दीड वर्षाची होती. ती रडली नाही, पटकन इंदूच्या मागे जाऊन लपली. इंदूने खरकटं गोळा केलं, हात धुतले, ट्रंक उघडली.

"तुमी माले मारं नही," ती शांतपणे म्हणाली. "पन तुमी घरमा पाय ठेवतस ना, तं पोर मन्हा मांगे दपस. मी माहेरले जास. तुमी बरा व्हा, मंग ली जा."

मी ओरडलो, "मला काय झालंय? धडधाकट आहे मी!"

"तेच तं," ती म्हणाली आणि सारंगखेड्याच्या गाडीत बसली. इंदूवर मी हात उगारला नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. तशी वेळ येण्याआधी ती निघून गेली, ही तिची हुशारी.

मोहाखाली

पुढच्या फेरीला आंबापाड्याच्या अलीकडच्या ओढ्यापाशी माझे पाय थांबले. खरंच थांबले. मी त्यांना शिव्या दिल्या, मांडीवर बुक्क्या मारल्या, पण चढण चढायला ते तयार होईनात. वर गेलो तर आज मी कोणाचा तरी जीव घेईन, असं मला स्पष्ट वाटत होतं. न जावं तर काचा रिकाम्या.

मोहाच्या झाडाखाली बसलो, पेटी उघडली, आणि सुई माझ्याच बोटात खुपसली.

पहिली काच भरली तेव्हा रडू यायला हवं होतं. मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी अशी लागली होती. मी डाव्या हाताच्या बोटांना टोचत गेलो, काचा भरत गेलो, आणि उजव्या हाताने भाकरी खात गेलो. माझ्याजवळ घरवार यादी होती, तिच्यातली नावं काचांवर घातली. चौदा नंबरच्या घरातलं नाव मात्र लिहवेना.  त्या घराची काच मी भरलीच नाही.

मग पाड्यात गेलो. आता सुई काढायची नव्हती, त्यामुळे काही विचारायचंही नव्हतं. दारोदार गेलो, चौदा नंबरलाही, भिंतीवर तारीख लिहिली, सही केली, पुढे झालो. ताप कोणाला, हा प्रश्न मी विचारणंच सोडलं. विचारलं आणि कोणी हो म्हटलं तर टोचावं लागलं असतं.

असे अडीच-तीन महिने गेले. लोकांचा विश्वास बसेना. मग बसला. कोणी काकडी हातात द्यायचं, कोणी खाट टाकायचं. एक म्हातारा बाकीच्यांना म्हणाला, "सुईवालाले अक्कल उनी. आते तो माणूस व्हयना." मी माणूस झालो म्हणे! मला ते फार गोड वाटलं. माझ्या आजाराचे ते सगळ्यात वाईट दिवस होते, आणि त्याच दिवसांत मला सगळ्यात बरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगतो. आपण बरे आहोत की नाही हे त्या माणसाला विचारू नका, त्याच्या घरच्यांना विचारा.

पावसाळा सरता सरता एक दिवसाआड दुपारी मला थंडी भरून यायला लागली. दात वाजायचे, मग अंग भाजायचं, मग घामाने सतरंजी ओली व्हायची. मी म्हणायचो, चालून चालून अंग मोडलंय. पिशवीत शेकडो गोळ्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि त्याच दिवसांतल्या एका फेरीत मी त्या सतरा काचा भरल्या.

यादी

आता पुन्हा त्या शाबासकीच्या सकाळवर येतो. साहेब म्हणाले, "आंबापाड्यात साथ आहे. उद्या आपण सगळे जातोय. फवारणीची टोळी, गोळ्या, सगळं. लोक दंगा करतात म्हणून दोन पोलीसही घेतलेत. यादी तू वाचायची."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. तीन वर्षांत माझ्या पाठीवर पहिल्यांदा कोणाचा तरी प्रेमाने हात पडला होता. तो हात काढून घ्यायला लावावा, एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन जीप पाड्यात शिरल्या. मी अंगणात उभा राहून माझ्याच अक्षरातली नावं वाचायला लागलो. एकेक नाव घेतलं की दोघं जण घरात शिरायचे आणि त्या माणसाला ओढून आणायचे. धडधाकट माणसं होती ती. एक जण शेतातून कोयता घेऊनच आला, तर पोलिसाने त्याच्या मनगटावर दंडुका हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. एका बाईचं नाक दाबून तोंडात गोळ्या टाकल्या. ती गुदमरून ओकली, पुन्हा टाकल्या. फवारणीवाल्यांनी कणग्या अंगणात आडव्या केल्या, नागली मातीत सांडली. कोणीतरी दगड भिरकावला, तो ड्रायव्हरच्या खांद्याला लागला. मग सगळेच सुटले. काठ्या, दगड, पंपाच्या लोखंडी नळ्या. पोरं शेताकडे पळाली. ज्या म्हाताऱ्याने मला माणूस म्हटलं होतं, त्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो माझ्याकडे बघत होता.

मी वाचतच होतो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता.

"बोंड्या रुमा," मी वाचलं.

कोणी हललं नाही. मग एक बाई म्हणाली, "तो तं होळीनंतर मरी गया."

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला. नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत, मजुरीवरून परतलेला चौदा नंबरचा रुपजी पुढे आला. या लोकांचं घरचं बोलणं वेगळं, पण बाजाराची अहिराणी त्याला येत होती. सगळा पाडा नाव निघू नये म्हणून पळत होता आणि हा एकटा नाव मागायला आला होता.

"मन्ही बाईनं नाव वाच," तो मला म्हणाला. "रतनी. तिले ताप शे."

"यादीत नाही ते घर," साहेब म्हणाले. "हो बाजूला."

मी रुपजीच्या घरात शिरलो. चार दिवसांपूर्वी माझ्याच हाताने लिहिलेली तारीख दाराशेजारी होती. आत अंधारात रतनी जमिनीवर पडली होती. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, पोट पुढे आलेलं. तिला सहावा महिना होता हे मला माहीत नव्हतं. मी हाक मारली. तिचं अंग कमानीसारखं ताणलं आणि टाच जमिनीवर आपटायला लागली. तिच्या कपाळाला हात लावला. तापाने ती नुसती फणफणली होती.

मी बाहेर येऊन ओरडलो, "सोडा त्यांना! यातलं कोणी आजारी नाही. त्या सतराही काचांवर माझं रक्त आहे. मी सगळं खोटं लिहिलंय. आजारी ती एकटी आहे, तिला जीप द्या!"

 साहेबांनी मला कानाखाली मारली. मग लाथ घातली. मी खाली पडलो, उठलो, आणि त्यांची कॉलर धरून त्यांना जीपवर आदळलं. त्यांचा चष्मा फुटला. "आधी जीप," मी म्हणत होतो, "मग माझं काय करायचं ते करा." मागून कोणाची तरी पंपाची नळी माझ्या पाठीत बसली. ती आमच्या टोळीतल्या माणसाची होती की पाड्यातल्या, मला कळलं नाही. दोघांनाही तेवढाच हक्क होता.

शेवटी ड्रायव्हरने कोणाला न विचारता गाडी सुरू केली. त्याचा एक खांदा निकामी झाला होता. दुसऱ्या हाताने त्याने नंदुरबारपर्यंत गाडी नेली. त्या भल्या माणसाचे मी नीट आभारसुद्धा मानले नाहीत.

वाटेत माझी थंडीची वेळ झाली. जीपच्या पत्र्यावर रतनी झटके खात होती आणि शेजारी मी हुडहुडत होतो. रुपजीने एका हाताने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. दुसऱ्या हाताने तो मला धरून होता, वळणावर मी बाहेर पडू नये म्हणून.

दवाखाना

मला पुरुषांच्या खोलीत ठेवलं, रतनीला पलीकडे बायकांच्या. माझ्या बोटातून तिथल्या माणसाने रक्त काढलं तेव्हा मी हात मागे ओढला. तो वैतागून म्हणाला, "मोठा माणूस असून घाबरतोस?" पंधरा दिवसांनी एकदा, तीन वर्षं, मी लोकांना हेच म्हणत आलो होतो.

दवाखान्यात सकाळी पाचला झाडू, सहाला ताप मोजणं, आठला डॉक्टर. झाडणारी बाई स्वतःच्या डब्यातला चहा मला अर्धा द्यायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस एक कागद घेऊन आला. सतरा रुग्णांचा आकडा वर कळवून झाला होता, तो आता मागे घेता येत नव्हता. काचा लोकांच्याच होत्या, असं मी लिहून द्यायचं होतं. नर्सबाईंनी त्याला दारातच अडवलं. "पेशंट बोलायच्या स्थितीत नाही," म्हणाल्या. मी व्यवस्थित बोलत होतो. पुढेही मी त्या कागदावर सही केली नाही. भिंतींवर पुरेशा करून झाल्या होत्या.

डॉक्टर वयस्कर होते. माझी हकीकत त्यांनी खुर्ची ओढून ऐकली. "मलेरिया पाच दिवसांत जाईल," ते म्हणाले. "बाकी जे झालंय त्याला माझ्याकडे गोळी नाही. हे काम काही दिवस बंद. झोप येते का?"

"नाही."

"बायको कुठे आहे?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतः पत्र घालून इंदूला बोलावून घेतलं. ती काही दिवसांनी आली, मुलीला घेऊन. मुलगी खाटेपासून दूर उभी राहिली. इंदूने तिला पुढे ढकललं नाही, आणि बरं केलं. पुढचे आठ महिने मी सारंगखेड्याला मेहुण्याच्या केळीत पाणी धरलं. कोणाशी बोलायचं नाही, कोणाचं दार ठोकायचं नाही. मुलगी माझ्या हातची भाकरी खायला लागली, त्याला यातले पाच महिने गेले. खात्यातून मला काढून टाकलं. ते योग्यच होतं. पण माझ्या जागी जो आला, त्याच्याकडे माझे पाडे आणि आणखी सहा जास्तीचे दिले. यावरून खातं काय शिकलं ते समजा.

तुम्हाला माणसांऐवजी आकडे दिसायला लागले, रडण्याच्या जागी हसू यायला लागलं, दारात पाय अडले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. साहेब ऐकणार नाही. बायकोला सांगा, ड्रायव्हरला सांगा, झाडणाऱ्या बाईला सांगा. मी मोहाच्या झाडाला सांगितलं.

तिसरा दिवस

रतनी दुसऱ्या दिवशी रात्री गेली. मूल पोटातच गेलं होतं. मला हे तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी सांगितलं.

दुपारी रुपजी माझ्या खाटेपाशी आला. तिला नेण्यासाठी बैलगाडी यायची होती, तोवर त्याला कुठे थांबायचं कळत नव्हतं. तो उभाच राहिला. त्याच्या सदऱ्यावर तिच्या तोंडातला फेस वाळलेला होता.

"तू भितवर काय लिखं व्हतं?" त्याने विचारलं.

"तारीख."

"कसानी तारीख?"

खोटं बोलता आलं असतं. "मी तुझ्या घरी येऊन ताप विचारल्याची," मी म्हणालो.

"तू इचारंच नही."

"नाही विचारलं."

 तो एकेक शब्द जुळवत बोलला. "त्या दिन तिले ताप व्हता. तू उना, लिखं, गया. ती म्हने, माले दवाखानामा ली चाल. मी म्हनं, थांब, सरकारनी लिखी लिधं शे, गोया येतीन. चार दिन मी वाट देखी. तू लिखं म्हनीसन."

भिंतीवरच्या त्या अक्षरांचा असाही अर्थ कोणी लावत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं. लिहिलं म्हणजे नोंद झाली, नोंद झाली म्हणजे कोणीतरी येणार. मी नुसता खोटं लिहीत नव्हतो. माझ्या लिहिण्याने त्याला चार दिवस घरात बसवून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "तुझ्या बायकोला मी मारलंही होतं. तू व्याऱ्याला होतास तेव्हा."

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रतनीनेही नाही.

त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर आले. लाकूडतोड्याचे हात ते. डोकं उशीत रुतलं, खाटेच्या लोखंडी गजावर माझा कान आपटला. श्वास बंद झाला. मी त्याचे हात धरले नाहीत. मला जगायचं नव्हतं असं नाही, पण अडवायला हात उचलले गेले नाहीत. डोळ्यांपुढे लाल झालं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापाशी होता, दात आवळलेले, नाकातून पाणी वाहत होतं.

आणि त्याचे हात थांबले.

गळ्यावरून त्याने एक हात काढला. माझ्या गालावर ठेवला, मग कपाळावर, आणि तिथेच राहू दिला. माझी ती दुपारची वेळ होती, थंडी सरून अंग पेटलं होतं. दुसरा हात अजून माझ्या गळ्यावर तसाच होता. तो वळला आणि खोलीच्या दाराकडे बघून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला,

"बाई! ओ बाई! याले ताप शे!"